काळ्या टोकाचं बी

ठकीची नखं कापायची कात्री हरवली म्हणून तीन दिवस घरात शोधाशोध चालली होती, आणि ती कुठे आहे हे फक्त ठकीच्या आईला माहीत होतं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची एक कापडी पिशवी होती, तिच्या अगदी तळाशी.

"घरात माणसं चार, त्यातलं एक सव्वा वर्षाचं, आणि कात्रीला पाय फुटतात म्हणजे काय?" ठकीचा बाबा म्हणाला. तो मोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे हरवलेल्या वस्तूंबद्दल त्याची मतं ठाम होती. "आमच्याकडे एक स्क्रू कमी भरला तर बारा मजल्यांची लिफ्ट बंद ठेवतो आम्ही."

"मग ठेव घर बंद," सासूबाई म्हणाल्या. "पण त्याआधी दुसरी कात्री घेऊन ये. तुझ्या लेकीनं माझ्या गालावर नकाशा काढलाय."

सगळे हसले. सूनही हसली, आणि हसता हसता तिनं चिमट्यांची पिशवी खुंटीवर आणखी वर सरकवली.

दुसरी कात्री आली. पहिली पिशवीतच राहिली. रोज सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या, आतून पाण्याचा आवाज सुरू झाला, की सून ती पिशवी घेऊन मागच्या अंगणात जायची. दोरीवर दोन-चार कपडे टाकायची, मग भिंतीकडेच्या वाफ्यापाशी उकिडवी बसायची आणि तीन रोपांच्या शेंड्यांवरच्या कळ्या एकेक करून कापायची. कापलेल्या कळ्या ठकीच्या रात्रीच्या डायपरमध्ये गुंडाळायची. गुंडाळीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली की काम झालं. जगात कुणीही ती उघडून बघायला जाणार नव्हतं.

ही रोपं सासूबाईंची होती. म्हणजे नुसती त्यांनी लावलेली असं नव्हे.

सासूबाईंनी चौतीस वर्षं बियाणांच्या कारखान्यात काढली होती. बियाणं यंत्रातून चाळून आलं की शेवटची नजर त्यांची. काळ्या एनॅमलच्या ताटात मूठभर बी पसरायचं, ताट जरासं हलवायचं, आणि जे बी त्या जातीचं नाही ते पक्ष्याच्या पिसानं बाजूला सारायचं. खसखशीएवढ्या बियांच्या गर्दीत एखादं परकं बी त्यांना असं दिसायचं, जसं आपल्याला लग्नाच्या फोटोत आपल्याच घरचं माणूस दिसतं. कारखान्यात त्यांना सगळे 'चाळणी' म्हणायचे, तेही तोंडावर, आणि त्यांना ते आवडायचं. निवृत्त झाल्यावरही मालक दर गुरुवारी त्यांना बोलवायचा. "बाई, हात फिरवून जा एकदा," म्हणायचा. त्यांचा हात फिरल्याशिवाय पाकिटं बाहेर जात नसत.

पण गंमत अशी, की इतक्या वर्षांत त्यांनी एकही बी स्वतः पेरलं नव्हतं. पेरणार कुठे? सारा संसार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत झाला, आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. उन्हाचा कवडसा यायचा तो शेजाऱ्यांच्या काचेवर आपटून. "मला बी माहीत आहे," त्या म्हणायच्या. "त्याचं पुढे काय होतं, ते मी पाकिटावरच्या चित्रात बघितलंय."

मुलानं हे तळमजल्याचं घर घेतलं आणि मागे सहा पावलं लांब, चार पावलं रुंद असं अंगण मिळालं, तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी आणली ती तुरेवाली. पाकिटावर तिचं लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण कारखान्यात सगळे तिला तुरेवालीच म्हणत. बडीशेप आणि पुदिना एकत्र चुरगळावा तसा तिच्या पानांना वास. एकदा रुजली की वर्षानुवर्षं राहते. थंडीत वरून वाळून जाते, मुळाशी जिवंत असते, आणि ऊन वाढलं की पुन्हा फुटते. दुसऱ्या वर्षापासून तिला करंगळीएवढे जांभळे तुरे येतात आणि त्यांवर मधमाश्या अशा तुटून पडतात, की म्हणे झाडच गुणगुणतंय असं वाटतं. फळबागांचे मालक ती बांधावर लावायला घेऊन जात. माश्या तुऱ्यावर येतात, मग फळझाडांच्या मोहोराकडेही वळतात.

"म्हणे," सासूबाई म्हणायच्या. "चौतीस वर्षं नुसतं 'म्हणे' ऐकतेय. एकदा बसून ऐकायचंय मला ते गुणगुणणं."

तेव्हा ठकी पोटात होती, शेवटचे दिवस होते. सासूबाईंनी बी ओल्या कापडात गुंडाळून डबीत घातलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं, कारण या बियांना थंडी सोसल्याशिवाय जाग येत नाही. डबीवर सुनेनं तिच्या नेटक्या अक्षरात तारीख घातली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तारखेशिवाय कुठलीही बाटली तिला सहन होत नसे. ठकीच्या बाबानं एक दिवस ती डबी मिरपूड समजून ऑम्लेटवर उपडी करायला घेतली, तेव्हा सासू आणि सून दोघी एकदम किंचाळल्या. तो म्हणाला, "दोघींचं एका सुरात निघालेलं हे पहिलंच वाक्य."

ठकी दोन महिन्यांची असताना पेरणी झाली. उथळ खोक्यात माती, वर बी भुरभुरवलेलं. सून सवयीनं वर माती टाकायला गेली तर सासूबाईंनी तिचा हात धरला.

"झाकू नकोस. हिला उजेड बघितल्याशिवाय उगवता येत नाही. नुसतं दाबायचं. असं. तळहातानं."

त्या दिवसांत सुनेला झोप नव्हती. बाळ रडलं तरी भीती, आणि शांत झोपलं तर जास्त भीती, म्हणून नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायची. एका दुपारी सासूबाईंनी तिला हाक मारली. खोक्यात मातीवर, टाचणीच्या डोक्याएवढी, हिरव्या पानांची जोडी उभी होती. दोघी डोक्याला डोकं लावून बघत राहिल्या. सुनेला का कोण जाणे रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, "रड हो. मला पण येतंय, पण मी म्हातारी आहे, लोक म्हणतील डोळ्यांचा आजार." आणि आजार खरंच होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता.

पहिल्या वर्षी रोपं वीतभर झाली, तुरे आले नाहीत. यायचेच नव्हते.

ठकी नऊ महिन्यांची असताना मात्र ती गोष्ट घडली. दुपारी अंगणात चटईवर बसली होती. सून आत पाणी आणायला गेली ती मिनिटभरात परत आली, तर ठकीचा डावा डोळा मिटलेला, ओठ सुजलेले, मान लालबुंद. काय चावलं, कुणी बघितलं नाही. दवाखान्यात सुई टोचली, तासाभरात सूज उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कशानं झालं ते आत्ता सांगता येणार नाही. मोठी झाली की तपासू. तोवर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा. डॉक्टरीणबाईंनी हे दिवसातून पन्नास जणांना सांगितलं असेल. सुनेनं ते एकटीनं पाळलं. खिडक्यांना जाळ्या लागल्या. फोनमध्ये नोंदी सुरू झाल्या: ठकीनं काय खाल्लं, कशाला हात लावला, अंगावर कुठे लाल दिसलं, किती वाजता. ती कामावर परत गेली नाही. एकच नमुना आता तिला डोळ्यांत तेल घालून तपासायचा होता.

थंडी सरली. वाळलेल्या काड्यांच्या बुडाशी तुरेवालीला जांभळट कोंब फुटले आणि सासूबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत आत आल्या. ठकी त्याच आठवड्यात चालायला लागली. चालायला लागल्यावर ती पहिल्यांदा कुठे गेली असेल, तर वाफ्याकडे. पानं ओढायची, तोंडात घालायची, बडीशेपेच्या वासानं तोंड वेडंवाकडं करून पुन्हा ओढायची.

पहिली कळी दिसली त्या सकाळी, आता माश्या येणार म्हणून, सुनेनं ठकीला उचलून आत नेलं.

ठकीच्या बाबाला तिनं विचारलं, "ती रोपं दुसरीकडे हलवता येतील का?"

"आईला विचार."

"तूच विचार ना."

"अगं, तू म्हणालीस तर ती आत्ता उपटून टाकेल. ठकीपुढे तिला रोपं काय आणि मी काय, दोन्ही सारखेच."

खरी अडचण तीच होती. सासूबाई 'नाही' म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. पण त्या 'हो' म्हणणार, मुळासकट उपटणार, वर म्हणणार 'त्यात काय एवढं', आणि मग जन्मभर सुनेला ते उपटलेलं दिसत राहणार. त्यापेक्षा या वर्षापुरत्या कळ्या कापू. रोपं राहतील. तुरे पुढच्या वर्षी येतीलच, वर्षानुवर्षं राहणारं झाड आहे. तोवर ठकीची तपासणीही होईल. कुणाचं काही बिघडत नाही. असा सगळा हिशोब तिनं नीट मांडला, आणि कात्री पिशवीत टाकली.

शेंडा कापला की त्या जागी दोन फुटवे येतात. दोन कापले की चार. रोपं अशी दाट, अशी गलेलठ्ठ झाली, की कापलेली टोकं पानांत झाकून जात. सासूबाई रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन वाफ्यापाशी बसायच्या, हातानं पानं चाचपायच्या.

"आले का गं कुठे? मला तर सगळं हिरवंच दिसतंय."

"नाही आई, अजून नाही."

"अंग चांगलं धरलंय हिनं. मग रुसलीय कशावर?"

"येतील, आई."

एक आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. 'अजून नाही' हे दोन शब्द सुनेच्या तोंडात इतके बसले, की कधी कधी तिला ते खरेच वाटायचे. सासूबाईंनी आधी उन्हाला दोष दिला, मग पाण्याला, मग खताला. मग एक दिवस त्या खुर्चीवर न बसता नुसत्याच उभ्या राहिल्या, आणि कुणाशी नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ही पानवाली तर नसेल?"

"म्हणजे?"

"दोन जाती आहेत हिच्यात. एक तुऱ्याची, एक पानाची. पानाची जात नुसती पानंच देते, लोक ती उकळून पितात. तुरा आला तर आला, नाहीतर नाही. वास दोघींचा तोच. बियांत फरक एवढाच, तुऱ्याच्या बियाला टोक काळं आणि पानाच्या बियाला पांढुरकं." त्यांनी बोटाच्या टोकावर नख ठेवून दाखवलं. "एवढंसं टोक. यंत्राला नाही कळत. मला कळतं." थोडं थांबून म्हणाल्या, "कळायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काळं ताट काढलं. पेरून उरलेलं बी एका डबीत होतं, ते पसरलं. भिंग घेतलं, चष्मा पुसला, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. मग सुनेला हाक मारली.

"जरा इकडे ये. तुझी नजर तरणी आहे, आणि तुझं कामच तपासायचं. सांग बघू, टोकं काळी आहेत की पांढुरकी?"

सून ताटावर वाकली. भिंगाखाली बिया मोठ्या झाल्या, तपकिरी, लांबट. प्रत्येकीचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळंभोर होतं. एकाचंही वेगळं नाही.

प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी तिला शिकवलं होतं, की निकाल आवडला नाही तरी आकडा दिसला तोच लिहायचा. सहा वर्षांत तिनं एकदाही बदलून लिहिला नव्हता. आता 'काळी आहेत' म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार: मग तुरे का नाहीत? आणि तो प्रश्न चिमट्यांच्या पिशवीपासून फार लांब थांबणार नाही.

"मला नाही कळत, आई," ती म्हणाली. "मला सगळी सारखीच दिसतात."

सासूबाईंनी मान हलवली. "नाहीच कळायचं. सवयीची नजर लागते." त्यांनी पिसानं बी गोळा करून डबीत भरलं. भरताना चार-सहा बिया टेबलावर सांडल्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत.

तेव्हा सांगायला हवं होतं. टेबल होतं, बी होतं, दोघीच होत्या, ठकी आत झोपली होती. सून सांडलेल्या बिया ओल्या बोटानं टिपत राहिली, आणि सासूबाई आत निघून गेल्या.

गुरुवारी सासूबाई नेहमीसारख्या कारखान्यात गेल्या, पण दुपारच्या आतच परतल्या. हातात पिशवी होती, पण तिच्यात नेहमी सोबत नेत ते ताट नव्हतं. त्यांनी हात धुतले, ठकीला मांडीवर घेतलं, तिच्या पायातला मोजा सरळ केला. संध्याकाळी मुलगा आल्यावर मगच सांगितलं.

"मी मालकाला म्हटलं, दुसरं माणूस बघ."

"का? भांडलीस? त्याच्या मिशीवर काही बोललीस ना परत?"

"गप रे." त्या हसल्या नाहीत. "ही रोपं ज्या घाण्यातली, त्या खेपेचं सगळं बी मीच पास केलेलं. माझ्याच हातचं घरी आणलं आणि तेच पानवालीचं निघालं, म्हणजे पाकिटांतही तेच गेलं. बागवाले बांधावर लावणार, दोन वर्षं वाट बघणार आणि तुरा नाही. तुरा नाही तर माशी नाही. मग फळ कुठलं? माझ्यावर भरवसा ठेवून नेतात ते."

"अगं, पण खात्री आहे का?"

"तीन झाडं लावली, तिन्ही मुकी. आणखी काय खात्री पाहिजे?" ठकी त्यांच्या चष्म्याशी झोंबत होती, त्यांनी चष्मा तिला देऊन टाकला. "मालक भला माणूस. म्हणाला, बाई, नजर कुणाची जन्मभर राहते. दुकानांतली पाकिटं परत मागवली, आणि गोदामात होती तेवढी माझ्यासमोर खतात ओतली. बरं झालं. ताट तिथंच ठेवून आले. घरी कशाला? ठकीला पोळ्या लाटायला का?"

हा विनोद होता. पण कुणाला हसायला सुचलं नाही. सून ओट्याकडे तोंड करून, धुतलेला पेला पुन्हा धूत उभी होती.

शुक्रवारी तिनं कळ्या कापल्या नाहीत. शनिवारीही नाही. सांगायचं कसं याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'ठकीसाठी' अशी होत होती. रविवारी सकाळी सासूबाई अंगणात आल्या, तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. तिनं चिमट्यांची पिशवी दोरीवरून काढली, उलटी केली. चिमटे खडखडत फरशीवर पडले आणि शेवटी कात्री पडली.

"आई, झाडं मुकी नव्हती. मी कापत होते. रोज. तुम्ही अंघोळीला गेलात की."

सासूबाईंनी कात्रीकडे बघितलं, मग वाफ्याकडे, मग आत जाळीच्या दारामागे उभ्या असलेल्या ठकीकडे. त्यांना कारण विचारावं लागलं नाही.

"किती?" त्या म्हणाल्या.

"काय किती?"

"तुरे किती आले असते?"

सून मोजायच्या कामातली होती, आणि तिनं मोजलेही होते. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. "एकशे बारा," ती म्हणाली.

"अगं बाई." सासूबाई खुर्चीवर बसल्या. "बी चांगलं होतं म्हणजे."

"टोकं काळी होती, आई. सगळी. मला दिसत होती त्या दिवशी."

हे ऐकून मात्र त्यांनी मान वर केली. कळ्यांचं ऐकून चेहऱ्यावर जे आलं नव्हतं ते आता आलं. राग असता तर सुनेला बरं वाटलं असतं.

"कात्रीला बडीशेपेचा वास होता," त्या शेवटी म्हणाल्या. "एकदा चिमटे काढताना माझ्या हाताला लागली होती. मला वाटलं, तू पानं नेत असशील, पाण्यात उकळून प्यायला. दूध येतं म्हणतात बडीशेपेनं. म्हटलं, लाजते बिचारी, कशाला विचारा. तशीच ठेवून दिली."

"मला ओरडा ना, आई."

"ओरडून काय करू? मला म्हणाली असतीस तर उपटून दिली असती."

"म्हणूनच नाही म्हणाले."

सासूबाईंना हे कळलं की नाही, सांगता येत नाही. त्या उठल्या, खाली पडलेले चिमटे गोळा करून पिशवीत भरू लागल्या. सूनही खाली बसली. दोघींनी मिळून चिमटे भरले.

सोमवारी सून स्वतः कारखान्यात गेली, ठकीला कडेवर घेऊन. मालकाच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मालकानं कपाळाला हात लावला. "अहो, मी तो सगळा घाणा ओतला की! आणि बाईंना म्हणालो नजर राहत नाही म्हणून. माझी जीभ झडो." कपाटातून त्यानं ताट काढलं, पीस त्यावर नीट ठेवलेलं होतं. "हे घेऊन जा आणि त्यांना म्हणावं, गुरुवारी या. जागा त्यांचीच आहे."

सून ताट छातीशी धरून घरी आली. सासूबाईंनी ते हातात घेतलं, पदरानं पुसलं, आणि स्वयंपाकघरात फळीवर उभं करून ठेवलं. गुरुवारी त्या गेल्या नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाही. मुलानं समजावलं, मालकाचा दोनदा फोन आला.

"आई, तुमची नजर बरोबरच होती," सून काकुळतीला येऊन म्हणाली. "तुमचं काही चुकलंच नव्हतं."

"नव्हतं ना. पण मला वाटलं की चुकलं. समोर बी काळं दिसत होतं आणि मी स्वतःला म्हटलं, नाही, पांढुरकंच असणार." त्या सावकाश, चुकू नये अशा बेतानं बोलत होत्या. "तपासणारीला एकदा असं वाटलं की संपलं गं. आता ताट हातात घेतलं की मी बी नाही बघणार, माझे डोळेच बघत बसेन. तुला कळेल. तुझं तेच काम आहे."

सुनेला कळत होतं.

दिवस लहान होऊ लागले तेव्हा तुरेवालीला तुरे आले. उशिरा आले म्हणून आखूड, आणि मोजके अकरा. जांभळेही जेमतेम. पण एका उन्हाच्या सकाळी त्यांवर माश्या आल्या. सुनेनं स्वयंपाकघरातून बघितलं आणि धावत सासूबाईंना बोलवायला गेली.

"आई, चला, आल्या! चला ना, खुर्ची टाकते."

सासूबाई लगबगीनं दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. ठकी त्यांच्या मागोमाग दुडुदुडु येत होती. त्यांनी वाकून तिला उचललं आणि दार ओढून घेतलं. जाळीचं होतं ते नव्हे, आतलं, काचेचं.

"असू दे, आई. मी धरते तिला आत. तुम्ही जा बाहेर."

"नको. दार उघडलं की एखादी आत येते. इथून दिसतंय की."

"पण ऐकू नाही येत इथून."

"दिसतंय ना," सासूबाई म्हणाल्या. ठकीनं काचेला नाक लावलं, काचेवर वाफ धरली. सासूबाईंनी ती पदरानं पुसली. माश्या एका तुऱ्यावरून दुसऱ्या तुऱ्यावर जात होत्या, तुरे त्यांच्या वजनानं किंचित वाकत होते, आणि कसलाही आवाज येत नव्हता.

महिन्याभरानं तुरे वाळले. सासूबाईंनी ते कापले नाहीत. सुनेला म्हणाल्या, "तू काप. तुझा हात बसलाय." टोमणा होता की नुसतंच बोलणं, ते त्यांच्या आवाजावरून कळलं नाही, आणि सुनेनं विचारलं नाही. तिनं तीच कात्री आणली. वाळके तुरे फळीवरच्या काळ्या ताटात झटकले. बी पडलं, मूठभरसुद्धा नाही, चिमटीभर.

ठकी खुर्चीच्या पायाला धरून उभी होती. सासूबाईंनी ताट खिडकीच्या उजेडाकडे सरकवलं, भिंग उचललं, क्षणभर हातात धरलं. मग ते सुनेपुढे ठेवलं.

"बघ."

"आई, तुम्हीच बघा ना. तुमचंच आहे."

"तू बघ. टोक कसं आहे?"

सून वाकली. "काळं आहे, आई. सगळ्यांचं काळं आहे."

"एकदम नको सांगूस. एकेक बघ."

सुनेनं पीस घेतलं. पहिलं बी ताटाच्या कडेला सारलं. काळं. दुसरं सारलं. काळं. तिसरं. सासूबाई शेजारी बसून खिडकीबाहेर वाफ्याकडे बघत होत्या, आणि ती प्रत्येक बियाला मोठ्यानं, स्पष्ट, काळं, काळं, असं म्हणत होती.